धाकट्या मामाची घोंगडी

राजूच्या लग्नाची घोंगडी सगळ्यांत आधी तिच्या आजीच्या, यल्लम्माच्या हातात पडली, हे एक बरंच झालं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. दार कुठं आणि माणूस कुठं एवढंच तिला कळायचं. पण लोकर तिच्या बोटांना कळायची. मोठ्या मेंढीची का कोकराची, या सालची का मागच्या, चिंचोक्याची खळ नीट शिजली होती का कच्ची राहिली, हे ती नुसता हात फिरवून सांगायची, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

सकाळी धाकटा लेक सिद्धराम ओढ्यापलीकडच्या आपल्या घरून घोंगडी खांद्यावर टाकून आला, ती आईच्या मांडीवर ठेवून "बघ, अव्वा, जमली का" म्हणाला, आणि मांडवाला डहाळे बांधायला निघून गेला. यल्लम्मानं काठ चाचपला, दोन पट्ट्या जोडल्या होत्या ती शिवण चाचपली. शेजारी अनसाबाई तांदूळ निवडत होती. ती थोरली सून.

"ह्याच्या बापालाबी असली साधत न्हवती, अनसे," यल्लम्मा म्हणाली.

धाकट्या दिराचं कौतुक ऐकायची अनसाबाईला काही हौस नव्हती. ती नुसती हूं म्हणाली.

मग यल्लम्माचं बोट थांबलं. पुढं गेलं, मागं आलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"हितं बघ गं. ह्यो धागा येगळा हाय. बारीक हाय. कोकराचा हाय."

अनसाबाई वाकली. काळ्याभोर घोंगडीत, नवरी बसते त्या बाजूला, तळहाताएवढा पांढरा क्रूस विणलेला होता.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. हळू बोलणं अनसाबाईच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून यल्लम्मा घाबरली.

"काय हाय?"

"भावजींचा देव हाय, आत्याबाई. आपल्या राजूला त्येच्यावर बसवायलेत."

या घरात रीत अशी की नवरानवरी ज्या घोंगडीवर बसतात ती मामानं द्यायची, आणि ज्यानं विणली त्यानंच ती मांडवात आपल्या हातानं अंथरायची. मग मामानंच तिच्यावर बिरोबाचा भंडारा उधळायचा आणि मग जोडपं बसायचं. मामाची घोंगडी नाही तर लग्नाला बसणं नाही. मेंढरं राखणाऱ्या आजा-पणज्यापासून चालत आलेलं, आणि मेंढरं विकून शेतीला लागले तरी निर्णा गावच्या या घरानं ते सोडलं नव्हतं. थोरल्या गुंडाप्पानं माग कधीच सोडला होता. विणणारा एकटा सिद्धराम उरला, आणि तोच येशूवाला झाला.

तो कसा झाला ते गावाला माहीत होतं. पोराला ताप चढला, अंगारे झाले, नवस झाले, शेवटी भागम्मानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोर पोटाशी धरून बिदरच्या मिशनच्या दवाखान्यात गाडी न्यायला लावली. पोर वाचलं. तिथल्या दाईनं पोरापाशी बसून जी प्रार्थना केली ती सिद्धरामाच्या डोक्यातून गेलीच नाही. पुढच्या साली दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पाद्रीसाहेबांनी त्याचं नाव योहान ठेवलं. आई त्याला सिद्धरामच म्हणत राहिली, आणि गुंडाप्पा त्याला काहीच म्हणेनासा झाला. सिद्धरामाचं घर ओढ्यापलीकडं गेलं. सणावारी तो आला तर त्याचं ताट बाहेर बाभळीखाली वाढलं जायचं.

बहीण सुगंधाबाई मधल्या मध्ये. नवरा गेल्यावर लेकीला, राजूला घेऊन ती माहेरी आली होती, आणि राजूचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला: घोंगडी धाकट्याचीच. गुंडाप्पा कितीतरी दिवस धुमसला, मग अटीवर कबूल झाला. धाकट्यानं विणावी, आणावी, अंथरावी, आणि पाहुण्यांसमोर येशूचं नाव काढू नये. सिद्धरामानं हसत मान्य केलं होतं. संतपूरचे अंबाजी, नवऱ्या मुलाचे वडील, त्यांनाही आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मामा कुणाला का भजंना, घोंगडी तर मेंढराचीच हाय न्हवं?"

पण क्रूसाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं.

*

गुंडाप्पानं घोंगडी काखेत मारली आणि भावाला गोठ्यामागं बोलावून नेलं. तो ओरडला नाही. तो ओरडला असता तर सिद्धरामाला सोपं गेलं असतं.

"हे काय हाय?"

"क्रूस हाय, अण्णा."

"ते दिसायलंय मला. कामून घातलास?"

सिद्धरामाला खरं उत्तर ठाऊक होतं, ते बोलून दाखवणं जड जात होतं. राजू पाळण्यात होती तेव्हापासून त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. घोंगडी विणताना तो प्रत्येक फेऱ्याला तिच्यासाठी प्रार्थना करत होता: तिला सासू बरी मिळो, तिचा नवरा हात न उगारो, तिचं पहिलं बाळंतपण नीट होवो. एके दिवशी इतका आनंद झाला त्याला त्या मागावर बसून, की पांढऱ्या कोकराची लोकर ठेवली होती ती त्यानं हातात घेतली आणि काळ्या धाग्याच्या जोडीनं आत घातली.

"तिला आशीर्वाद म्हणून," तो म्हणाला.

"आशीर्वाद तोंडानं देता येत न्हवता? अंबाजींचं वऱ्हाड निघालंय. दुपारपतुर गाड्या वेशीला लागतील. भंडारा उधळताना त्येंच्यातला एकबी म्हातारा खाली वाकला, की बघंल. उठून जातील ते. बाप नसलेली पोरगी हाय ती, सिद्धरामा. मांडवातनं परत आलेल्या पोरीला पुन्हा कोण करून घेणार हाय?"

बऱ्याच दिवसांनी भावानं नाव घेतलं, हे सिद्धरामाच्या लक्षात आलं, आणि तशा प्रसंगीही त्याला बरं वाटलं.

"काढून टाक ते," गुंडाप्पा म्हणाला.

"न्हाई काढता येत."

"धागाच हाय. कामून न्हाई येत?"

"पाण्यात उभं राहून बोललोय मी, अण्णा. पाद्रीसाहेबांनी सगळ्यांसमोर इचारलं, ह्येची लाज धरशील का. मी न्हाई म्हणालो. आता पाहुणे यायलेत म्हणून उसवून टाकू? मग लाज धरणं म्हणजे दुसरं काय असतंय?"

खोटं बोलणारा भाऊ असता तर गुंडाप्पाला हाताळता आला असता. हा लहानपणापासून असाच. कोकरू हरवलं की संध्याकाळ झाली तरी घरी न येणारा. गुंडाप्पाला राग आला, आणि रागाच्या खाली कुठंतरी अभिमानही वाटला, त्यामुळं राग आणखी वाढला.

"तुझ्या देवाला माझी भाचीच सापडली का," तो म्हणाला आणि घोंगडी तिथंच दावणीवर टाकून गेला.

तोवर अनसाबाई येऊन पोचली होती. तिनं सगळं ऐकलं होतं; ती ऐकणारच. "वरून ठिगळ लावू का?" तिनं विचारलं. मग स्वतःच कपाळावर हात मारला. "नवरीला ठिगळाची घोंगडी. माझ्या जिभेला काय झालंय. भावजी, दुमडून अंथरता यायचं न्हाई?"

"आख्खी उलगडावी लागती, वैनी. तुम्हांला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय. म्हणूनच तर डोकं चालवायलेय. तुमी तर चालवलंच न्हाई."

*

भागम्मा चुलाणापाशी हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू सडत होती. सडायला तिला कुणी हरकत घेत नव्हतं. शिजवायला मात्र हात लावू देत नव्हते. तिला त्याचं फार वाटत नसे. सिद्धराम येऊन शेजारी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. भागम्मा आपल्या बाजूनं बोलेल असं त्याला वाटलं होतं. बाप्तिस्मा घ्यायला आधी तीच तर तयार झाली होती.

तिनं मुसळ थांबवलं.

"मला दाखवली न्हाई तुमी."

"काय?"

"घोंगडी. दर येळी मागावरून काढायच्या आधी मला दाखवता. काठ सरळ हाय का बघ म्हणता. ही झाकून ठेवलात. मला वाटलं नवरीची हाय म्हणून झाकलात. कामून न्हाई दाखवलात?"

सिद्धराम म्हणाला, "तू नको म्हणाली असतीस."

"मग तुमाला तवाच ठाऊक होतं."

तो उठला. त्याला राग आला होता. घरचे बाहेर जेवायला घालतात, गावचे पाणी वरून ओततात, आणि आता घरातली बायकोही. पण ओढ्याकडं चालता चालता त्याला आठवलं, की क्रूस विणला त्या संध्याकाळी त्यानं आणखीही एक गोष्ट मनात आणली होती. भर मांडवात घोंगडी उलगडेल, सगळे बघतील, आणि अण्णाला काही करता येणार नाही. तेही त्या आनंदातच मिसळलेलं होतं. त्यानं ते नीट बघितलं नव्हतं इतकंच.

तो दावणीपाशी परत आला, घोंगडी मांडीवर घेतली आणि प्रार्थनेला डोळे मिटले. शब्द येईनात. लाज धरणार नाही म्हणालो होतो प्रभू, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा म्हणता आलं.

*

सुगंधाबाई तिथं आली ती जरीकाठाचं लुगडं नेसूनच, हातात पाण्याचा तांब्या. तिला सगळं कळलं होतं. अनसाबाईनं सांगितलं, आईनं सांगितलं, गुंडाप्पा काही न सांगता जोरानं जवळून गेला त्यावरूनही कळलं. येताना तिनं वाटेतच ठरवलं होतं. ठरवायला तिला वेळ लागायचा नाही; नवरा गेल्यापासून सगळं तिलाच ठरवावं लागत होतं.

"पाणी पी," ती म्हणाली. "सकाळपास्नं काय खाल्लास?"

"अक्का, मी..."

"ऐक. वऱ्हाड वेशीत आलं की मी पुढं जाते. अंबाजींना बाजूला घेते आणि सांगते. माझ्या भावानं घोंगडीत त्येच्या देवाचं चिन्न घातलंय, पोरीच्या मायेनं घातलंय, पटत असंल तर बसवा, न्हाई तर गाड्या माघारी फिरवा. आत बसवून मग कळण्यापरीस आधी कळलेलं बरं."

सिद्धरामानं विचारलं, "आणि फिरवल्या तर?"

"फिरवल्या तर फिरवल्या."

"राजूचं काय?"

"राजूला इचारून आलेय. हळद लावून बसलीय, रडली जराशी. मग म्हणाली, धाकट्या मामाचीच घोंगडी पायजे." सुगंधाबाईनं तांब्या त्याच्या हातात दिला. "तू उसवू नको. तुझ्या मनाला लागून राहील, आणि ती घोंगडी तिला जन्मभर पांघरायचीय. मामानं रडत रडत दिलेली मला नको. लोकं बोलायची ती मला बोलतील. मला काय नवीन हाय का."

ती हे अगदी साधेपणानं बोलली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. सिद्धरामानं तांब्या घेऊन शेजारी ठेवला.

ही बहीण बिरोबाची. रोज सकाळी देव्हाऱ्याला भंडारा लावणारी. येशूचं नाव तिनं त्याच्या तोंडून ऐकलं तेवढंच. आणि ती वेशीपर्यंत चालत जाऊन, भरल्या वऱ्हाडासमोर, पोरीचं लग्न हातावर घेऊन उभी राहणार होती, त्याच्यासाठी. क्रूस मी विणला, त्याच्या मनात आलं, आणि उचलायला निघाली अक्का. मी तर मागावर बसून नुसता खूश झालो.

त्याला एकदम रडू आलं. बाप्तिस्म्याच्या दिवशीही तो इतका रडला नव्हता.

"रडायलास कामून? सांगितलं न्हवं, राहू दे म्हणून."

"सुई आण, अक्का," तो म्हणाला. "बोथट असंल ती. अव्वाकडं हाय."

"तुझ्या देवाला चालंल का?"

"आता तोच सांगायलाय असं वाटतंय मला."

सुई घेऊन यल्लम्माच आली, सुगंधाबाईचा खांदा धरून. ती भावंडांच्या मध्ये बसली. सिद्धराम एकेक पांढरा धागा सुईनं वर उचलून ओढायचा, आणि यल्लम्मा तो हातात घेऊन बोटाभोवती गुंडाळायची. लोकर चिवट, खळीनं धरून ठेवलेली. ओढताना काळे धागे सरकत होते, ते तो नखानं पुन्हा जागेवर आणत होता. त्याला वाटलं होतं की उसवताना आतून काही तुटेल. तसं झालं नाही. मागावर बसून प्रार्थना करायचा तशीच त्याला पुन्हा सुचू लागली. सासू बरी मिळो. नवरा हात न उगारो.

गुंडाप्पा आला तो हातात फेटा घेऊन, हुमनाबादच्या बाजारात मिळेल ती घोंगडी आणायला निघालेला. गाडी जुंपायला सांगून आला होता. त्यानं बघितलं आणि थांबला.

"गाडी सोडायला सांग, अण्णा," सुगंधाबाई म्हणाली.

गुंडाप्पा उकिडवा बसला. घोंगडीचं एक टोक ओढून धरलं, म्हणजे भावाला सुई घालायला सोपं पडावं. लहानपणी दोघं बापाला असंच धरून द्यायचे.

"एक सांगतो, अण्णा," सिद्धराम शेवटचा धागा काढून म्हणाला. "क्रूस काढला. पण भंडारा मी उधळणार न्हाई. तेवढं माझ्याच्यानं हुणार न्हाई."

सगळं बिनसायला एवढंही पुरे होतं. गुंडाप्पानं घोंगडीवरचे लोकरीचे तंतू झटकले.

"तुला कोण सांगायलंय," तो म्हणाला. "मी मेलोय का? मीबी मामाच हाय तिचा. तू अंथर, भंडारा मी उधळतो."

*

वऱ्हाड आलं ते उशिरा, अंबाजींच्या बैलानं वाटेत पाय मुरगळला म्हणून. ढोल वाजले, गूळपाणी झालं. सिद्धरामानं मांडवाच्या मध्ये येऊन घोंगडी उलगडली. एक बाजू त्यानं धरली, दुसरी गुंडाप्पानं, आणि झटकायला दोघांनी ती वर उचलली तेव्हा मागून ऊन आलं. उसवलेल्या जागी काळे धागे पुरते जुळले नव्हते. घोंगडीतून बारीक बारीक उजेड दिसला, उभा आणि आडवा.

समोरच अंबाजी उभे होते. त्यांनी बघितलं. गुंडाप्पानं बघितलं की त्यांनी बघितलं.

घोंगडी खाली आली. अंबाजी वाकले आणि त्या जागी हात फिरवला, तेही मेंढरं राखणाऱ्यांतलेच.

"हितं इरळ झालंय जरा," ते म्हणाले.

"व्हय," गुंडाप्पा म्हणाला. "धाकट्यानं काहीतरी घातलं होतं. मग पोरीकडं बघून काढलं."

अंबाजींनी मान वर केली. सिद्धरामाकडं बघितलं, दारात उभ्या सुगंधाबाईकडं बघितलं.

"पांघरून पांघरून भरून येतंय ते," ते म्हणाले. "लोकर चांगली हाय. भंडारा आणा, गुंडाप्पा, उशीर व्हायलाय."

गुंडाप्पानं भंडारा उधळला. पिवळ्या धुळीत राजू येऊन बसली, आणि बसता बसता तिनं धाकट्या मामाकडं बघून डोळे मिचकावले. हळद लावलेल्या नवरीनं असलं काही करायचं नसतं.

जेवणं सुरू झाली तेव्हा सिद्धराम आणि भागम्मा नेहमीसारखे बाभळीखाली बसले. थोड्या वेळानं अनसाबाई आपलं ताट घेऊन तिथं आली आणि भागम्माच्या शेजारी धप्पकन बसली.

"तिकडं जागा न्हाई," ती म्हणाली. "आणि पाय असले दुखायलेत की इचारू नको. तुझ्या हातच्या गव्हाची हुग्गी झालीय, खाऊन बघ, गूळ मी घातलाय म्हणून गोड हाय." तिकडं पंगतीत चांगल्या चार जागा रिकाम्या होत्या. भागम्मानं त्या बघितल्या आणि सरकून सावली दिली. सिद्धरामानं डोळे मिटून प्रार्थना केली, तेवढा वेळ अनसाबाईनंही घास हातात धरून ठेवला.

वऱ्हाड निघालं. राजू गाडीत बसली ती घोंगडी पांघरूनच, उन्हातसुद्धा. गाड्या ओढ्याच्या पलीकडं गेल्या, तशी सुगंधाबाई आत जाऊन एकटीच बसली. गुंडाप्पा मांडवाचे दोर सोडत होता. सिद्धराम आईला सांगून निघावं म्हणून तिच्यापाशी गेला.

"बस," यल्लम्मा म्हणाली. तिनं कनवटीतून काहीतरी काढलं आणि त्याचा हात चाचपून तळव्यावर ठेवलं. पांढऱ्या धाग्याची गुंडाळी. एकही धागा तिनं टाकला नव्हता.

"माझी घोंगडी इरलीय पार," ती म्हणाली. "यंदा नवी इण मला. आणि हे त्येच्यात घाल."

"अव्वा, तुला ठाऊक हाय न्हवं ते काय हाय?"

"मला काय दिसायलंय का." यल्लम्मानं त्याची मूठ मिटवली. "रात्री जाग येती मला. घोंगड्या सगळ्या सारख्याच. हात फिरवला की कळंल, ही माझ्या धाकट्याची."

दोर सोडता सोडता गुंडाप्पाचे हात थांबले होते. तो आता काय म्हणतो म्हणून सिद्धरामानं मागं वळून बघितलं.

"उशापाशी घाल," गुंडाप्पा म्हणाला. "पायापाशी नको घालू. देवाचं हाय."

आणि तो पुन्हा दोर सोडू लागला.